पेशीत काय नाही?

चि. मृणाल,


तू काढलेल्या पेशीच्या आकृतीचा फोटो ताईने पाठवला. सुबक आहे. पण अशी पेशी तुझ्या अंगात शोधूनही सापडायची नाही. ती सगळी अंगकं एकत्र बसवून परीक्षेसाठी रचलेली. खरी पेशी कामापुरतं ठेवते. म्हणून नावं पाठ करण्याआधी एक प्रश्न विचारत जा: या पेशीत काय नाही, आणि का?

रक्तातली तांबडी पेशी घे. अस्थिमज्जेत घडतानाच ती केंद्रक बाहेर टाकते, मागोमाग मायटोकॉन्ड्रिया आणि रायबोसोमही जातात. उरतं ते पटल, त्याला आतून धरणारं प्रथिनांचं जाळं आणि ठासून भरलेलं हिमोग्लोबिन. ऑक्सिजन वाहायचा, पण स्वतः वापरायचा नाही. पोटापुरती ऊर्जा ग्लुकोज अर्धंमुर्धं मोडून मिळवायची. व्यास सात-आठ मायक्रोमीटर, तरी त्याहून अरुंद केशवाहिनीतून ती वाकून पार होते. मात्र नवं प्रथिन करता येत नाही, त्यामुळे झीज भरून निघत नाही. सुमारे 120 दिवसांत कारभार आटोपतो.

‘केंद्रक नाही म्हणून हिमोग्लोबिनला जागा’ एवढं लिहिलंस तर गुण मिळतील. मला ते उत्तर अपुरं वाटतं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आणि उडायला तर ऑक्सिजन भरपूर लागतो!

आता उलट, एखादं अंगक भरपूर असलेली पेशी बघ: स्वादुपिंडातली, पाचक विकरं करणारी. ती विकरं बनवून बाहेर पाठवणं हेच तिचं काम, म्हणून ती खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेने गच्च. 1960च्या दशकात जॉर्ज पॅलाडे आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाला किरणोत्सारी अमिनो आम्ल देऊन त्याचा माग काढला: आधी जालिका, मग गॉल्जी, मग स्रावाच्या पुटिका. पॅलाडेंना 1974 साली नोबेल विभागून मिळालं. तुझ्या आकृतीतले बाण या असल्या प्रयोगांतून आलेत, हे पुस्तकं सांगत नाहीत याचा मला राग येतो.

कामापुरतंच ठेवणं वनस्पतींतही दिसतं. रसवाहिनीतल्या चाळणनलिकेला केंद्रक नसतं. शेजारची सहपेशी तिचा संसार सांभाळते.

प्रॅक्टिकलला माणसाच्या आणि बेडकाच्या रक्ताच्या स्लाइड शेजारी ठेवून बघ. कुणात काय दिसलं नाही, ते आधी लिही आणि मला कळव.

तुझी,
मावशी