घरोबा

विद्यार्थिमित्रहो, दहावीची परीक्षा संपली कीं वहीच्या शेवटच्या पानावर एकमेकांस पत्ते लिहून देण्याची आमच्या वेळीं चाल होती. आतां तुम्ही पत्त्याऐवजीं दूरध्वनीचे क्रमांक देतां, एवढाच फरक. त्यांतले बहुतेक पत्ते दोनचार वर्षांत निरुपयोगी होतात, व त्यांत कोणाचा दोषही नसतो. ज्याची त्याची वाट निराळी होते. परंतु कांहीं थोडे स्नेह तीस तीस वर्षें टिकून राहतात. स्वभाव जुळले म्हणून स्नेह टिकला, असें आपण म्हणतों. माझा अनुभव असा आहे कीं, स्वभाव बदलतात, मतें फिरतात, पैसा आड येतो, आणि अशा वेळीं स्नेह सांभाळतात तीं मित्रांच्या घरचीं माणसें.

आम्ही चौघे १९९६ सालीं अहमदनगरास दहावी उत्तीर्ण झालों. (२०२४ पासून ह्या शहराचें नांव अहिल्यानगर झालें आहे, आमच्या तोंडीं अजून नगरच येतें.) एकाच्या वडिलांचें दाळमंडईंत किराणा मालाचें दुकान. दुसऱ्याचे वडील भिंगारास शिवणकाम करीत. ईदेच्या दिवशीं त्यांच्या घरचा शीरखुर्मा आम्हां सर्वांस ठरलेला असे. माझी आई इस्पितळांत परिचारिका. चौथा पाथर्डी तालुक्यांतला, बोर्डिंगांत राहणारा. त्याचे आईवडील ऊसतोडीस जात.

ऊसतोड म्हणजे काय, हें शहरांतल्या मुलांस क्वचितच ठाऊक असतें. मुकादम पावसाळ्यांतच आगाऊ उचल देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपीं बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्याच्या वाटेस लागतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पांचसहा महिने कोपींत राहावयाचें, पहाटेच्या अंधारांत फडांत शिरावयाचें, आणि उचल फिटेपर्यंत गांवाचें नांव घ्यावयाचें नाहीं. मुलें एक तर फडावर जातात, नाहीं तर म्हाताऱ्यांपाशीं राहतात. आमच्या मित्राच्या घरीं म्हातारें माणूस उरलें नव्हतें, म्हणून तो बोर्डिंगांत.

१९९४ च्या डिसेंबरांत, आम्ही नववींत असतां, नाताळचा फराळ खावयास मीं त्यास घरीं आणलें. आईनें त्याचे डोळे पाहिले आणि करंज्यांचें ताट मागें ओढलें. कावीळ! बोर्डिंग सुटीमुळें बंद होत होतें. आईवडिलांस कळवावें तर ते कोणत्या फडावर आहेत हें कोणास ठाऊक? माझ्या आईस रात्रपाळी होती. दाळमंडईच्या काकूंच्या कानांवर ही गोष्ट गेली, तशा त्या स्वतः टांगा करून आल्या व त्यास घेऊन गेल्या. सव्वा महिना त्यांनीं त्यास घरांत ठेविलें. लाह्या, ताक, मुगाचें वरण, आणि घरीं आणून स्वच्छ काढविलेला उसाचा रस. ज्या उसापायीं त्याचे आईबाप दूर होते त्याचाच रस त्याला औषध म्हणून मिळत होता, हें त्या वयांत आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

चैत्रांत त्याचे आईवडील परतले ते आधीं दाळमंडईंत आले. बरोबर पायलीभर बाजरी होती. पुढें दरवर्षीं फडावर निघण्यापूर्वीं नव्या बाजरीचें एक पोतें त्या घरीं येऊं लागलें, आणि तिकडून दिवाळीच्या फराळाचा डबा जाऊं लागला. किराणा दुकानदारास धान्य नेऊन देणें हा विनोदच म्हणावयाचा. पण काकूंनीं ती बाजरी कधीं दुकानाच्या मापांत घातली नाहीं. तिच्या भाकरी घरांतच होत.

पालकहो, येथें एक शब्द तुमच्यासाठीं. मुलाचा सोबती घरीं आला म्हणजे त्याचे गुण किती, वडील काय करतात, हें आपण फार लवकर विचारतों. तो जेवला आहे काय, हें काकू प्रथम विचारीत.

२०१० सालीं दाळमंडईच्या मित्रानें व पाथर्डीच्या मित्रानें भागींत एक ट्रॅक्टर घेतला. ऊसवाहतुकीचें काम चांगलें मिळत होतें. मग २०१२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरें चारा छावण्यांत गेलीं, पुढच्या हंगामास ऊसच थोडा. हप्ते थकले. कोणी किती भरले व कोणी किती उचलले, ह्यावर वाद झाला. आणि शाळेंत एका बांकावर बसलेले ते दोघे बोलेनासे झाले. मी व भिंगारचा मित्र मध्यस्थीस गेलों. मध्यस्थाची जी गत होते ती आमची झाली. दोघांसही आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे वाटलों.

मित्रांचें तुटणें ही नवी गोष्ट नव्हे. टिळक व आगरकर डेक्कन कॉलेजांतले स्नेही. १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशें एक दिवस एकत्र काढले. पुढें मतभेद विकोपास गेले. आगरकरांनीं १८८७ त ‘केसरी’ सोडला व १८८८ त ‘सुधारक’ काढला. १८९५ त आगरकर वारले तेव्हां ‘केसरी’त टिळकांनींच त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो वाद तत्त्वाचा होता. आमच्या मित्रांचा ट्रॅक्टराचा होता. पण दुखणें लहान माणसांसही तेवढेंच होतें.

अलीकडे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे जागोजाग भरतात. एकसारखे सदरे, छायाचित्रें, गुरुजनांस शाली! मीही जातों व आनंदानें जेवून येतों. परंतु ज्याचें कर्ज थकलें आहे तो मेळाव्यास येत नाहीं. आमच्या मेळाव्यास ते दोघेही येत नसत.

बाजरी मात्र येत राहिली. पाथर्डीच्या वहिनी लेकीस घेऊन पोत्याबरोबर येत. गल्ल्यावर बसलेला आमचा मित्र मान वर न करतां हमालास म्हणे, “वर नेऊन ठेव.” वर काकू त्या दोघींस जेवूं घालीत, डबा भरून देत. मुलगी त्यांस आजी म्हणे. आठनऊ वर्षें असेंच चाललें. कोणीही पुरुष तें चालवीत नव्हता, आणि थांबविण्याची छातीही कोणास झाली नाहीं.

२०२१ च्या एप्रिलांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत दाळमंडईचा मित्र इस्पितळांत प्राणवायूवर होता. अशांत एका रात्रीं काकू घरींच हृदयविकारानें गेल्या. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा होती. भीतीमुळें सातच आलीं. एकुलता मुलगा खाटेवर; त्यास हें सांगूंही नये, असें डॉक्टरांनीं बजावलेलें. त्याच्या पत्नीनें कोणास न विचारतां पाथर्डीस दूरध्वनि केला. तो मोटारसायकलीवर सुमारें पन्नास किलोमीटर आला. वाटेंत दोनदां पोलिसांनीं अडविलें. तिरडीस पुढून खांदा भिंगारच्या मित्रानें व मीं दिला. अग्नि देणार कोण, असें गुरुजींनीं विचारलें तेव्हां ती त्याच्याकडे हात करून म्हणाली, “हे माझे दीर.” अधिक कोणीं कांहीं विचारलें नाहीं. दहाव्याला त्यानें केस उतरविले.

तीन आठवड्यांनीं मित्र घरीं आला. ते दोघे एकमेकांशीं काय बोलले हें मला ठाऊक नाहीं. मीं विचारलेंही नाहीं. ट्रॅक्टराचा हिशेब आजही मिटलेला नाहीं. दोघेही आपापलाच आंकडा खरा धरून आहेत, व तो विषय निघाला कीं अजूनही एक जण उठून जातो. पण त्या वर्षींचें पोतें त्यानें स्वतः आणलें, आणि गल्ल्यावरून उठून दुसऱ्यानें त्यास एका बाजूनें हात लावला.

पाथर्डीची ती मुलगी आतां नगरास महाविद्यालयांत शिकते व दाळमंडईंत, काकूंच्या खोलींत राहते. गेल्या दिवाळीपूर्वीं मी तेथें गेलों असतां ती जिन्याच्या तोंडाशीं बसून नवी बाजरी पाखडीत होती. “सर, भाकरी खाऊन जा,” असें तिनें मला सांगितलें, आणि मी थांबलों.