पप्पांचे बूट

रविवारी पप्पा ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करायचे. कडक इस्त्रीशिवाय ते घराबाहेर पडत नसत. एम.ए. करताना मी खांद्याला झोळी अडकवून त्यांना सुनावलं, "कार्यकर्त्याने साधं राहावं." ते शांतपणे म्हणाले, "तुझा आजा पाटलाच्या वाड्यासमोरून वहाणा हातात घेऊन जायचा. तो साधाच होता." मी गप्प झालो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना जात ओळखू येईल असा पेहराव टाकून द्यायला सांगितलं. तरीही २०१८ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोजडी घातली म्हणून दलित मुलाला मारहाण झाली. ज्यांना नटायला कुणी अडवलं नाही, त्यांनी साधेपणा खुशाल मिरवावा. आपल्यावर तो लादलेला होता.

पप्पा आज नाहीत. मोर्चाला निघताना मी त्यांच्याच ब्रशने बूट चमकवतो.

जय भीम!