डीएसएलआर, सुपरझूम आणि आण्णांचे चार माग

डीएसएलआर घेऊ की सुपरझूम? हा प्रश्न आता फारसा कुणी विचारत नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि ज्याला त्याच्या पुढं जायचंय तो मिररलेस बघतो. निकॉनचा डी३५०० हा २०१८ सालचा, त्यांच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा डीएसएलआर. तोही बंद झाला आणि त्याच्या जागी दुसरा डीएसएलआर काही आला नाही. पण २००६ ते २०१० च्या मधे ज्यांनी आपला पहिला 'बरा' कॅमेरा घेतला, त्या मंडळींनी या एका प्रश्नावर किती रात्री जागवल्यात ते त्यांनाच विचारा. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून मीही परीक्षणं वाचलीत. सगळीकडं शेवटी एकच उत्तर असायचं, 'तुमच्या गरजेवर अवलंबून आहे'. आता गरज काय ते कळलं असतं तर परीक्षणं कशाला वाचत बसलो असतो?

घरच्या वाचकांसाठी आधी थोडं सोपं करून सांगतो (कॅमेरेवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल). कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. त्या काळच्या सुपरझूममधला, म्हणजे उदाहरणार्थ कॅननच्या पॉवरशॉट एस३ मधला सेन्सर साधारण ५.८ बाय ४.३ मिलिमीटर. करंगळीच्या नखाहून लहान. निकॉनच्या डी४० या स्वस्तातल्या डीएसएलआरमधला २३.७ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलंत तर जवळजवळ पंधरा पट. दोन्ही कॅमेरे सहाच मेगापिक्सलचे, त्यामुळं दुकानातल्या पाटीवर दोघं सारखेच दिसायचे! पाऊस तोच, पण एकानं अंगणात वाटी ठेवलीय आणि दुसऱ्यानं घमेलं, एवढाच फरक. भर उन्हात वाटीही भरते. फरक कळतो तो अंधारात.

मग वाटी कशाला घ्यायची? तर सेन्सर लहान असला की छोट्याशा लेन्सनं फार लांबचं ओढून आणता येतं. एस३ चा झूम बारा पट, जुन्या फिल्मच्या हिशोबात ३६ ते ४३२ मिलिमीटर. डी४० सोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स त्याच हिशोबात २७ ते ८२. चारशेच्या पुढं जायचं तर वेगळी मोठी लेन्स घ्यायची, आणि तिचा विचार आमच्यासारख्यांनी करायचाच नाही. शिवाय सुपरझूमला व्हिडिओ होता, आवाजासकट. डीएसएलआरला तो नव्हताच. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर, निकॉनचा डी९०, जाहीर झाला ऑगस्ट २००८ मध्ये, आणि तो माझ्या बजेटच्या कितीतरी वर होता.

आता माझी गरज. २००८ च्या दिवाळीनंतर आमचे माग जाणार होते.

कबनूर म्हणजे इचलकरंजीला लागूनच. कुठलं गाव कुठं संपतं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही, कारण दोन्हीकडं आवाज एकच, खटक खटक. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तिथनं हे सगळं सुरू झालं आणि आसपासच्या गावांत पसरलं. आमच्याकडं चार साधे माग होते, घरामागच्या पत्र्याच्या शेडमधे. आण्णा स्वतः चालवायचे, आई कांड्या भरायची, सोबतीला एक कांडीवाल्या मावशी. बिनधोट्याचे नवे माग इचलकरंजीत येऊन बरीच वर्षं झाली होती, सुताचे दर वरखाली, कापडाची मजुरी आहे तिथंच, त्यात भारनियमन. आण्णांनी कुणाशी न बोलता ठरवून टाकलं. माग विकायचे. विकायचे म्हणजे कुणी चालवायला घेणार नव्हतं, भंगारात किलोवर जाणार होते.

मी त्यांना म्हटलं, फोटो काढून ठेवूया.

"ह्येचं काय फोटो काढायचं? लोखंड हाय निस्तं."

मला लोखंडाचे फोटो काढायचेच नव्हते. ताण्याचा धागा तुटला की आण्णा माग थांबवून वाकायचे, दोन बोटांत धागा जोडायचे आणि मान वर न करताच माग परत सुरू करायचे. ते मला हवं होतं. पण ते त्यांना सांगायचं कसं?

तर अशी सगळी गरज एका शेडमधे आली. तिथं लांबचं काहीच नव्हतं. सगळ्यात लांबची वस्तू पंधरा फुटांवर. बारा पट झूमचं मी काय करणार? उजेड म्हणाल तर चोकवाल्या चार ट्यूब आणि पत्र्यात बसवलेली एक काच, तीही कापसानं पांढरी झालेली. म्हणजे सरळ सरळ घमेल्याचं काम. दुसरीकडं, हवेत सतत बारीक कापूस उडत असतो. तिथं डीएसएलआरची लेन्स काढून दुसरी लावायची म्हणजे सेन्सरवर कापूस घ्यायचं आमंत्रण. सुपरझूमला लेन्स काढायचीच नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागाचा आवाज. तो फोटोत येत नाही.

परीक्षणांत उजेड होता, झूम होता, मेगापिक्सल होते, बॅटरी होती. घरातनं एक आवाज कायमचा जाणार असेल तर काय, हे कुठंच नव्हतं. लहानपणापासून त्या आवाजावर झोपलेली माणसं आम्ही. रात्री वीज गेली की माग थांबायचे आणि सगळं घर जागं व्हायचं!

जयसिंगपूरचा एक दोस्त आणि मी कोल्हापूरला गेलो. दुकानाकडं जाताना त्यानं मुद्दाम गाडी खरी कॉर्नरवरून घेतली. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन १९१८ मध्ये कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा बनवला, आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. "बघ भावा, त्यांनी बनवला, आणि तुला दोनातला एक निवडता येईना झालाय," दोस्त म्हणाला. त्याचं काय, त्यानं वर्षभरापूर्वीच डीएसएलआर घेतला होता.

मी सुपरझूम घेतला. (कुठला ते सांगत नाही, उगाच कंपन्यांच्या भक्तांत भांडणं लागायची.) कार्ड, चार्जर, चार एए सेल आणि एक बॅग, सगळं बजेटात बसलं. दोस्ताला सांगितलं, पुढच्या रविवारी तुझा घेऊन ये.

त्यामुळं माझ्याकडं आज एक गोष्ट आहे जी फार कमी जणांकडं असेल. एकच शेड, एकच दुपार, एकच माणूस, आणि दोन्ही कॅमेरे.

माझ्या कॅमेऱ्यात लेन्स पूर्ण उघडी ठेवून, आयएसओ ४०० वर, शटर एक पंचविसांशच्या आसपास मिळत होतं. हात हलण्याची भीती नव्हती, ते काम कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझर करत होतं. पण समोरचा माणूस हलला तर त्याला स्टॅबिलायझर काय करणार? मागाचं लाकूड, लोखंड, बीम सगळं स्वच्छ, आणि आण्णांच्या हाताच्या जागी एक पुसट पट्टा. आयएसओ ८०० केलं की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे ठिपके.

दोस्तानं बाहेर अंगणात जाऊन, शर्टाच्या आडोशाला लेन्स बदलली. ५० मिलिमीटर, एफ १.८. निकॉनच्या स्वस्तातल्या बॉडीत तेव्हा फोकसची मोटर नसायची, त्यामुळं त्या जुन्या धर्तीच्या लेन्सवर फोकस हातानं फिरवायचा. आयएसओ १६००, शटर एक अडीचशांश. आण्णांची दोन बोटं, त्यातला धागा, चष्म्याच्या काडीवर अडकलेला कापूस, सगळं जागच्या जागी. गंमत म्हणजे लागोपाठच्या फोटोंचा रंग सारखा नव्हता, एक पिवळट, दुसरा निळसर. घरी जाऊन वाचलं तेव्हा कारण कळलं. आपली वीज ५० हर्ट्झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण एवढं वेगवान शटर त्या लुकलुकीचा एकच तुकडा उचलतं. माझ्या मंद शटरला हा त्रास नव्हता, त्यात तीन-चार लुकलुकी बसून सरासरी निघायची. मिनिटाला सव्वाशे-दीडशे फेऱ्या मारणारा धोटा त्याच्याही फोटोत पुसटच आला, माझ्या फोटोत तर आलाच नाही.

फोटोंच्या बाबतीत सामना एकतर्फी होता, त्यात वादच नाही.

मग मी व्हिडिओ सुरू केला. ६४० बाय ४८०, तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. हात थकला म्हणून थांबवला. मधे आण्णा कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी बोलतात. चार मागांच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नाही. तेव्हाही आला नव्हता, मी नुसती मान हलवली होती. अशा शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि आयुष्यभर त्यात काढलेल्या माणसाला तसंही कमी ऐकू येतं. आण्णांशी आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. परगावचे पाहुणे म्हणायचे, तुमच्या घरात सारखी भांडणं का चाललेली असतात?

माग गेले. टेम्पोत चढवताना आण्णा बाहेर आलेच नाहीत. त्याचे फोटो मी काढले नाहीत.

पुढं तो सुपरझूम मी भरपूर वापरला. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभं राहून वरच्या गोल, उघड्या छताच्या कडेची शिल्पं ओढून घेतली, तिथं बारा पट झूमनं पैसे वसूल केले. (चार पावलं आत, सभामंडपाच्या अंधारात, परत वाटी रिकामी.) पुतणीच्या गॅदरिंगला मागच्या रांगेतनं तिचा नाच घेतला. लग्नं, बारशी, पंचगंगेचं पाणी चढलेलं.

आण्णा २०१६ ला गेले. भिंतीवरच्या फोटोसाठी कुठला घ्यायचा याची घरात चर्चा सुद्धा झाली नाही. दोस्तानं काढलेला, धागा जोडतानाचा, त्यातला फक्त चेहरा मोठा करून घेतला. सहा मेगापिक्सल होते, पण जराही फाटला नाही. माझ्या कॅमेऱ्यातल्या एकाही फोटोचं तेवढं मोठं करता आलं नसतं.

व्हिडिओ मात्र दोन वर्षं कुणी उघडला नाही. मग एकदा हार्ड डिस्क बदलताना तो सापडला, आणि मी आईला दाखवला. सुरू झाल्या झाल्या ती हसली. म्हणाली, पलीकडच्या मागाचा पिकर सैल झालाय, ऐक. मला चार माग म्हणजे एकच आवाज, तिला चार वेगवेगळे ऐकू येत होते. तीन मिनिटांत तिनं मला कुठला माग कुठला ते आवाजावरून सांगितलं, बघायची गरजच पडली नाही तिला. आणि मग ती जागा आली, आण्णा कॅमेऱ्याकडं बघून बोलतात ती. मी म्हटलं, इथं काय बोलले ते काही कळत नाही.

"त्यात काय न कळण्यासारखं? 'बास की आता, सेल संपतील', असं म्हणत्यात."

मागावर उभं राहिलेल्या माणसांना ओठ वाचता येतात, हे मला माहीत होतं. आई आण्णांशी शेडमधे तसंच बोलायची. पण व्हिडिओतही ते चालतं हे सुचलं नव्हतं. तिनं ते तीन-चार वेळा लावायला सांगितलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमचा भाचा. तो तालमीत जातो आणि त्याला कुस्तीचे फोटो काढायचेत. फोनवर समाधान नाही. जुन्या बाजारात त्याला दोन कॅमेरे मिळतायत, एक एन्ट्री लेव्हल डीएसएलआर, एक मोठ्या झूमचा. "मामा, कुठला घिऊ सांगा की." माझ्याच पिढीचा प्रश्न, पंधरा-सतरा वर्षांनी, निम्म्याहून कमी किमतीत!

मी त्याला गरज वगैरे विचारली नाही. विचारलं, तू उभा कुठं राहणार? जत्रेतलं मैदान असेल तर दिवसाउजेडी, गर्दीच्या मागनं, शंभर फुटांवरनं. तिथं झूम पाहिजे, आणि वाटी भरायला ऊन आहेच. पण त्याला तालीम हवीय. पहाटेची, एका बल्बची, तांबड्या मातीची, आणि पैलवान हाताच्या अंतरावर. मग डीएसएलआर घे, म्हटलं, सोबतची लेन्स विकून टाक आणि एक ३५ मिलिमीटरची एफ १.८ शोध. आता स्वस्तातल्या डीएसएलआरलाही व्हिडिओ असतो, शड्डूचा आवाज येईल. आणि मैदानासाठी माझा जुना सुपरझूम घेऊन जा. एए सेलवर चालतो, ते अजून कुठल्याही पानपट्टीवर मिळतात.

त्यानं डीएसएलआर ठरवलाय. वस्तादांनी तालमीत कॅमेरा आणायला अजून होकार दिलेला नाही.