मुक्कामी विमान

आमच्या घरी सध्या एक विमान कंपनी चालते. तिचे नाव 'कृष्णामाई एअरवेज'. तिच्याकडे चौदा विमाने आहेत, मुख्य तळ मुंबईला आहे आणि तिचा सारा कारभार माझे यजमान वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी डाव्या हाताच्या एका बोटाने पाहतात. ही विमाने टॅबच्या पडद्यावरच उडतात, हे वेगळे सांगायला नको. घरी येणारे पाहुणे हे ऐकून हसतात. सुरुवातीला मीही हसले होते.

गेल्या वर्षी जानेवारीत यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. उजवा हात आणि पाय दुबळे झाले, आणि त्याहून कठीण म्हणजे बोलणे गेले. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. समोरच्याचे बोलणे बरेचसे कळते, मनात काय म्हणायचे आहे तेही ठाऊक असते; पण नेमका शब्द हाती लागत नाही. एकतीस वर्षे एस.टी.च्या आगारात काढलेल्या, फलाटावरून हाक मारली तर शेवटच्या गाडीच्या चालकाला ऐकू जाईल अशा आवाजाच्या माणसाला 'पाणी' म्हणायलाही अर्धा मिनिट लागू लागला.

मी शिक्षिका होते. शिस्त माझ्या अंगात मुरलेली. रुग्णालयातून घरी आल्यावर मी भिंतीवर तक्ता लावला. औषधांच्या वेळा, रक्तदाबाची नोंद, फिजिओथेरपी, वाचा-उपचार, आंघोळ, जेवण, झोप. काय खायचे, कोणता सदरा घालायचा, कोणाला भेटायचे, सारे मी ठरवू लागले. पाहुण्यांनी त्यांना प्रश्न विचारला, तर उत्तर मीच देत असे. त्यांना त्रास होऊ नये, एवढीच इच्छा होती. त्या तक्त्यात त्यांनी स्वतः ठरवायचे असे काहीच नव्हते, ही गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत नातू आला. आजोबा दिवसभर खिडकीशी बसलेले पाहून त्याने आपल्या जुन्या टॅबवर त्यांना एक खेळ घालून दिला. त्याचे नाव येथे देत नाही, कारण हा लेख जाहिरात नव्हे. आणि अशा प्रकारचे खेळ पुष्कळ आहेत. खेळणाऱ्याला थोडे भांडवल मिळते. त्यातून विमान घ्यायचे, मार्ग निवडायचा, तिकिटाचे दर ठरवायचे. प्रत्येक मार्गावर रोज ठरावीकच प्रवासी असतात. विमानातल्या जागेची वाटणीही आपणच करायची. बिझनेस वर्गाचे एक आसन साध्या दोन आसनांची जागा घेते, तर पहिल्या वर्गाचे आसन तिनांची. इंधनाचा भाव दर अर्ध्या तासाला बदलतो; तो उतरला की साठा करून ठेवायचा. विमानांची तपासणी वेळेवर झाली नाही, तर ती जमिनीवरच अडकून पडतात. विमान उतरले की पुन्हा आपण रवाना करीपर्यंत ते तेथेच थांबते. जगभरचे लोक आपापल्या कंपन्या घेऊन हा खेळ खेळत असतात.

नातू समजावून सांगत होता आणि यजमान पडद्याकडे टक लावून पाहत होते. मार्ग, फेऱ्या, आसने, इंधन, देखभाल: ही तर त्यांच्या आगाराचीच भाषा होती. निवृत्तीपूर्वी कित्येक वर्षे ते वाहतूक शाखेत होते. कोणती गाडी कोणत्या फेरीला लावायची, पंढरीच्या वारीला जादा गाड्या कोठून काढायच्या, गणपतीत कोकणात किती पाठवायच्या, हे गणित त्यांनी आयुष्यभर केले होते.

त्यांनी सुमारे सत्तर आसनांच्या एटीआर विमानांपासून सुरुवात केली. जवळच्या मार्गावर पंख्याचे विमान कमी इंधन पिते, हे त्यांनी दोन दिवसांत हेरले. १ जून हा एस.टी.चा वर्धापनदिन, १९४८ साली त्या दिवशी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली. यजमानांनी मुद्दाम त्याच दिवशी मुंबई ते नांदेड हा नवा मार्ग उघडला आणि मला खुणेने पडद्याजवळ बोलावून ते इवलेसे विमान दाखवले.

काही दिवसांनी नातवाने फोनवर सुचवले, "आजोबा, आता ए-३८० घ्या. सगळे तेच घेतात." हे दोन मजली, पाचशेहून अधिक प्रवासी नेणारे विमान. प्रत्यक्ष जगात त्याचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. एवढ्या प्रचंड विमानाची सारी आसने रोज भरणे बहुतेक कंपन्यांना परवडत नव्हते. यजमानांनी मान हलवली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले आणि शब्द बाहेर आला, "भारमान?"

एस.टी.त भारमान म्हणजे गाडी किती टक्के भरून धावते त्याचे प्रमाण. पलीकडे नातू गोंधळला. मी मात्र पदराने डोळे पुसले. झटक्यानंतर कोणी सुचवल्यावाचून त्यांनी उच्चारलेला तो पहिला अवघड शब्द होता. वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंना सांगितले तेव्हा त्यांना आनंद झाला, पण त्यांनी मला सावधही केले. हे श्रेय खेळाचे मानून व्यायाम सोडू नका, असे त्या म्हणाल्या. शब्द परत येतात ते रोजच्या सरावाने आणि मेंदू हळूहळू सावरतो तसे. खेळाने एवढेच केले, की त्यांना सांगावेसे वाटेल असे काहीतरी दिले.

जुलैत एके दिवशी यजमान फार अस्वस्थ दिसले. त्यांच्या पहिल्या एटीआर विमानाची झीज वाढली होती. ते विकायचे की दुरुस्त करीत राहायचे, हा प्रश्न होता. तीन दिवस ते आकडे पाहत होते. मी सहज म्हटले, "अहो, विकून टाका की. खेळातले तर विमान आहे!"

त्यांनी टॅब खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि डाव्या हाताने अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडे बोट केले. शेड रिकामी होती. तेथे त्यांची स्कूटर असे. मार्चमध्ये मी ती विकली होती. आता ती कोण चालवणार, पावसाळ्यात उगाच गंजेल, असा माझा विचार. कागदावर त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला होता, पण तो घेताना नीट काही सांगितले नव्हते. फार वेळ झगडून ते म्हणाले, "मला... विचारलं... नाहीस."

मला उत्तर सुचले नाही. स्कूटर विकणे चूक नव्हते. विचारले असते, तर कदाचित त्यांनीही तेच ठरवले असते. त्यांना दुःख झाले होते ते त्यांच्या वस्तूचा निर्णय त्यांना वगळून झाला याचे. पडद्यावरच्या विमानासाठी तीन दिवस विचार करणारा माणूस माझ्या घरात कोणती भाजी आणायची हेही ठरवीत नव्हता. कारण त्याला तसे कोणी विचारतच नव्हते. त्या खेळात त्यांचे मन का रमते, हे मला तेव्हा उमगले. त्या घरात तेवढी एकच जागा उरली होती, जेथे त्यांच्या होकाराशिवाय काही हलत नव्हते.

हे मी आमच्या डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी मला एका जुन्या अभ्यासाविषयी सांगितले. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी तो अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधील एका वृद्धाश्रमात केला आणि १९७६ साली प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना आपल्या खोलीची मांडणी आणि आपला वेळ स्वतः ठरवण्याची मुभा आहे, हे आवर्जून सांगितले गेले आणि प्रत्येकाला स्वतः जोपासण्यासाठी एक रोप निवडू दिले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप मिळाले, पण त्याला पाणी परिचारिका घालीत. तुमची सारी काळजी आम्ही घेऊ, असे त्यांना सांगितले होते. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक सावध, अधिक उत्साही आढळले. अभ्यास लहान होता, त्यातून मोठा सिद्धान्त काढू नये, असे डॉक्टर म्हणाले. मला मात्र माझा भिंतीवरचा तक्ता आठवला. मी दुसऱ्या मजल्यावरची परिचारिका झाले होते, तीही प्रेमाने.

दुसऱ्याच दिवशी मी तक्ता काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. औषधांच्या वेळा डॉक्टरांच्या, त्या बदलायच्या नाहीत. बाकी तुम्ही लावा, असे सांगितले. दोन दिवस लागले. व्यायाम त्यांनी सकाळी लवकर ठेवला. आंघोळ दुपारी नेली, कारण सकाळच्या गडबडीत माझी घाई त्यांना सोसत नसे. हे मला कधीच कळले नव्हते. आता पाहुण्यांनी काही विचारले, तर मी गप्प राहते. त्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबणे हा माझाही व्यायाम आहे, आणि तो सोपा नाही.

या खेळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्टमध्ये एकदा मध्यरात्री मला जाग आली, तर यजमान अंधारात टॅब घेऊन बसलेले. इंधनाचा भाव उतरण्याची वाट पाहत होते. चौकशी केली तेव्हा कळले, की हे आठवडाभर चालले होते. सकाळचा रक्तदाब वाढलेला का येतो, हा विचार मला सतावत होता. त्याचे एक कारण तेथे असावे. झोप मोडणे पक्षाघाताच्या रुग्णाला मुळीच परवडणारे नाही. खेळाचा अतिरेक हा केवळ तरुणांचा प्रश्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला विकार म्हणून स्थान दिले असून ती आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा त्याला अधिक महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, या त्याच्या मुख्य खुणा आहेत.

पूर्वीची मी असते, तर टॅब कपाटात कुलूपबंद केला असता. या वेळी सकाळचा रक्तदाब त्यांना वहीत दाखवला आणि विचारले, "आता काय करायचं?" त्यांनी दुपारभर विचार केला. मग वहीत डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: 'मुक्कामी'.

खेड्यात रात्रीची शेवटची गाडी जाते, तेथेच थांबते आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत येते, तिला एस.टी.त मुक्कामी गाडी म्हणतात. चालक-वाहक तेथेच झोपतात. गाडी रात्रभर उभी राहिली म्हणून आगाराचे काही बिघडत नाही. यजमानांनी तोच नियम आपल्या कंपनीला लावला. रात्री साडेआठला शेवटची रवानगी. विमाने मुंबई ते सिंगापूर अशा लांबच्या मार्गांवर सोडायची. ती केव्हाही उतरोत, सकाळी न्याहारी होईपर्यंत मुक्कामी. इंधन स्वस्त झाले तरी झोप महाग, असे मी म्हटले, तेव्हा ते मोकळेपणी हसले.

आणखी काही पथ्ये आम्ही दोघांनी मिळून ठरवली आहेत. टॅबला बँकेचे खाते जोडलेले नाही आणि खरेदीला कुलूप घातले आहे. खऱ्या पैशांनी खेळातले विमान घ्यायचे नाही. अनोळखी खेळाडूंना नाव-पत्ता सांगायचा नाही. अर्धा तास बसले की उठून ओसरीत दोन फेऱ्या मारायच्या. अक्षरे मोठी आणि टॅब तिवईवर टेकवलेला, म्हणजे मान अवघडत नाही. फिजिओथेरपी झाल्याशिवाय सकाळची पहिली रवानगी नाही. हा नियम त्यांचाच.

प्रत्येकाने विमान कंपनीच काढावी असे माझे म्हणणे नाही. कोणाला कुंड्या असतील, कोणाला भिशीचा हिशेब, कोणाला नातवंडांच्या शाळेच्या वेळा. आपण ज्यांची शुश्रूषा करतो, त्यांच्या हाती काहीतरी असे असावे, की ज्याचा निकाल त्यांच्या निर्णयावर अवलंबून आहे आणि जे चुकले तरी दुरुस्त करता येते. त्याचबरोबर घरातले जे निर्णय त्यांचे आहेत, ते त्यांना परत द्यावेत. खेळातला कारभार घरातल्या शब्दाची जागा घेऊ शकत नाही. हे मला उशिरा कळले, स्कूटर गेल्यानंतर.

तो जुना एटीआर त्यांनी अखेर विकला नाही. दुरुस्तीचा खर्च नफ्यापेक्षा जास्त होतो, हे ठाऊक असून ठेवला आहे. मी कारण विचारले नाही. काल रात्री साडेआठला टॅब मिटल्यावर मी विचारले, "उद्या भाजी कोणती आणू?" त्यांनी वेळ घेतला. मी थांबले. मग ते म्हणाले, "गवार." मला गवार आवडत नाही, आणि हे त्यांना बावन्न वर्षांपासून ठाऊक आहे. सकाळी मी गवार आणली.