सूत्रधाराचें शिक्षण

बीडहून सोलापुराकडे प्रवास केलेल्या वाचकांस मांजरसुंब्याचा घाट ठाऊक असेल. घाट चढून मोटार वर आली, कीं चार वाटा एकत्र मिळतात: एक बीडकडे, दुसरी धाराशिवावरून सोलापुराकडे, तिसरी पाटोद्यावरून अहिल्यानगराकडे आणि चौथी केज-अंबाजोगाईकडे. या चौफुलीवर माझ्या वडिलांचें पंक्चर काढण्याचें दुकान आहे. येथें मनुष्य थांबतो तो पुढें जाण्यासाठींच. आणि दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या व भोंवतालच्या गांवांतील कितीतरी कुटुंबें याच वाटांनीं ऊंसतोडीस जातात. मी जी हकीकत सांगणार आहें ती एका खेळाची असली, तरी या जाण्यायेण्याशीं तिचा निकट संबंध आहे; म्हणून प्रारंभींच हें सांगून ठेवलें.

खेळ म्हटला, कीं पट, सोंगट्या आणि हारजीत हीं डोळ्यांसमोर येतात. मी सांगतों त्या खेळांत पट नसला तरी चालतो व हारजीतही नसते. चारपांच जण एकत्र बसतात आणि प्रत्येक जण एका कल्पित पात्राचें सोंग घेतो. कोणी शिपाई होतो, कोणी वैद्य, कोणी चोर. एक जण मात्र कोणतेंच एक सोंग घेत नाहीं. तो प्रसंग सांगतो, वाटेंत भेटणाऱ्या सर्व माणसांच्या तोंडचें तोच बोलतो आणि शेवटीं विचारतो, "आतां तुम्ही काय करतां?" इंग्रजी पुस्तकांत त्यास निरनिराळीं नांवें आहेत, आम्ही त्यास सूत्रधार म्हणतों. एखाद्या पात्रानें अवघड काम आरंभिलें, कीं वीस पैलूंचा फांसा टाकावयाचा आणि पात्राच्या अंगचा गुण त्यांत मिळवावयाचा. बेरीज ठरलेल्या आंकड्याइतकी किंवा अधिक झाली तर काम साधलें, नाहीं तर फसलें. मध्यम अवघड कामास १५ हा आंकडा धरतात.

या खेळाचें कुळ जुनें आहे. प्रशियाच्या सैन्यांतील राईसवित्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं युद्धाचा एक खेळ प्रसिद्ध केला. त्यांत खेळाडू आपले हुकूम पंचास लिहून देत, आणि ज्यास जेवढें दिसणें शक्य असेल तेवढेंच पंच त्यास कळवी. पुढें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला आणि तेव्हांपासून सोंगांचा हा खेळ जगभर पसरला. आपल्या कोंकणांतील दशावतारी नटही संवाद पाठ करून येत नाहींत. कथाभाग ठरलेला असतो आणि बोलणें रंगभूमीवर उभें राहिल्यावर सुचतें. तेव्हां ही कला आपणांस अगदींच परकी आहे असें नाहीं. २०२३ च्या जानेवारींत त्या अमेरिकन खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग कोणासही मोफत वापरण्यास खुला झाला, आणि त्याच वर्षीं तो माझ्या हातीं लागला. त्या वेळीं मी गांवच्या शाळेंत आठवींत होतों.

सायंकाळीं दुकानांत गिऱ्हाईक नसे, तेव्हां वडिलांच्या मोबाईलवर मी ते नियम वाचीत बसें. इंग्रजी अवघड, शब्दकोश जवळ घेऊन एकेका पानास दोन दोन दिवस लागत. वीस पैलूंचा फांसा आमच्या बाजारांत मिळेना. मग १ पासून २० पर्यंत आंकडे घातलेल्या वीस चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यांत टाकल्या, आणि एक चिठ्ठी काढावी, पाहावी व परत टाकावी असें ठरविलें. वीसांत १५ किंवा त्याहून मोठ्या आंकड्याच्या सहाच चिठ्ठ्या असतात. म्हणजे दहा वेळां काढल्यास सरासरी तीनदांच यश. शेंकड्याचें जें गणित मला वर्गांत कळलें नव्हतें, तें या डब्यापाशीं कळलें.

खेळावयास आम्ही पांच जण होतों: मी, शिंप्याचा मुलगा, एस्. टी. चालकाचा मुलगा, माझा एक वर्गमित्र आणि त्याची थोरली बहीण. तिला आम्ही सर्वच ताई म्हणतों. तिची शाळा आठवीनंतर सुटली होती.

पहिल्या दिवशीं देवळाच्या ओट्यावर बसून मीं पुस्तकांतला एक बर्फाळ किल्ला वर्णिला. सर्व जण गप्प राहिले. "बर्फांत पाय किती रुततो रे?" असें शिंप्याच्या मुलानें विचारलें, आणि त्याचें उत्तर मजजवळही नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मीं तो किल्ला सोडून दिला व बीडची खजाना विहीर घेतली. निजामशाहीच्या काळांतील ही विहीर बीडहून आमच्या गांवाकडे येणाऱ्या रस्त्यालगत आहे. तिचें पाणी भुयारी पाटानें शेतांस जातें, आणि दुष्काळांतही तें आटत नाहीं अशी तिची ख्याति. त्या वर्षीं आमच्याकडे पाऊस फार थोडा झाला होता. मीं सांगितलें, "विहिरीचें पाणी एकाएकीं थांबलें आहे. काय झालें तें पाहण्यास भुयारांत उतरावें लागेल. कोण येतो?" चौघेंही एकदम बोलूं लागलीं. शिंप्याचा मुलगा शिपाई झाला, चालकाचा मुलगा वैद्य, माझा वर्गमित्र पाथरवट. ताई म्हणाली, "मशाल मी धरीन."

दिवाळी झाली आणि मुकादमाचा ट्रक आला. मित्राच्या आईवडिलांनीं उचल घेतली होती. नवराबायको मिळून एक कोयता, अशी ऊंसतोडीची मोजणी असते; पण कोयत्यामागें मुलेंही जातात, त्यांची मोजणी कोणी करीत नाहीं. मित्र, ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ पश्चिमेकडील एका कारखान्यावर गेलीं. ट्रक हलतांना मित्र ओरडून म्हणाला, "अरे, आपण अजून भुयारांतच आहोंत!" म्हणून उरलेला खेळ मोबाईलवर संदेश लिहून चालवावा असें ठरलें.

माझें खरें शिक्षण येथून सुरू झालें. पहिला संदेश मीं तीन दिवस खपून लिहिला. भुयार कसें आहे, चौघांच्या मनांत काय येतें, कोण घाबरतो, कोण धीर देतो आणि सर्व जण कोणत्या वाटेनें जातात, तें सर्व मींच लिहून टाकलें. उत्तर आलें तें एका शब्दाचें: "छान." ओट्यावर बोलतांना समोरच्यांच्या मुद्रेवरून कळतें, कीं आपण फार बोललों, लिहितांना समोर मुद्रा नसते. मित्रांस करावयास मीं कांहींच शिल्लक ठेवलें नव्हतें, हें उमजण्यास मला आठवडा लागला. पुढचा संदेश असा होता: "भुयाराचे दोन फांटे झाले आहेत. डावीकडून गार वारा येतो. उजवीकडे पाणी ठिबकतें. मशाल अर्धी जळाली आहे. कोण काय करतो?" दुसऱ्या सकाळपर्यंत चारही उत्तरें आलीं.

ओट्यावर एका सायंकाळीं जेवढा खेळ होई, त्यास आतां तीन आठवडे लागूं लागले. म्हणून क्षुल्लक गोष्टींसाठीं चिठ्ठी काढणें मीं सोडून दिलें. दोघांनीं एकाच वेळीं परस्परविरुद्ध उत्तरें लिहिलीं, तर जें आधीं आलें तें आधीं घडलें असें धरावयाचें. सर्वांच्या चिठ्ठ्या प्रथम मीच काढून कळवीत असें. ताईनें लिहिलें, "माझी चिठ्ठी मी काढीन." तिनें आगपेटींत वीस चिठ्ठ्या केल्या. तेथें पाहणारा कोणी नव्हता. तिनें २० लिहिले असते तरी चाललें असतें. पहिलीच चिठ्ठी २ ची निघाल्याचें तिनें कळविलें, आणि तेव्हांपासून आम्हांपैकीं कोणीही कोणाच्या आंकड्याविषयीं शंका काढली नाहीं.

डिसेंबरांत मात्र माझ्या हातून चूक घडली, आणि तिच्यासाठींच हा लेख लिहीत आहें. भुयारांत गळ्याइतकें पाणी आलें होतें. मशाल उंच धरून पुढें जावें कीं मागें फिरावें, हें ताईनें सांगावयाचें होतें. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. तिचें उत्तर नाहीं, मित्राचेंही नाहीं. गांवांतले दोघे मला रोज विचारूं लागले. तिला आतां खेळांत गोडी राहिली नाहीं असें मीं मनाशीं ठरविलें, आणि पांचव्या रात्रीं रागाच्या भरांत लिहिलें, "मशालजीचा पाय घसरला. ती पाण्याबरोबर वाहून गेली. सर्वत्र अंधार." लिहून झाल्यावर मला क्षणभर मोठें समाधानही वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

तीन दिवसांनीं उत्तर आलें. त्या घरीं मोबाईल एकच, तो वडिलांजवळ असे. मुकादमाचा निरोप केव्हां येईल याचा नेम नसल्यामुळें तो फडांत त्यांच्याबरोबर जाई. त्यांच्या कोपींत वीज नव्हती. अड्ड्याजवळच्या दुकानांत पैसे देऊन तो भारून आणावा लागे. त्या आठवड्यांत गाड्या रात्रीं-बेरात्रीं भरल्या जात होत्या. आईवडील मोळ्या वाहावयास गेले, कीं ताई धाकट्या भावाला सांभाळून पहाटेच्या भाकरी करी, आणि माझा मित्रही फडावर जाई. हें सर्व मला मागाहून कळलें. तिनें लिहिलें होतें तें एवढेंच: "मी तेथें नव्हतें. मग मला कोणीं मारलें?"

तें वाचून मी कितीतरी वेळ मोबाईल हातांत धरून बसलों. तिच्या पात्राला पाण्यानें नेलें नव्हतें; चिठ्ठीही कोणी काढली नव्हती. जें काम तिचें होतें, तें मीं तिच्या पाठीमागें केलें होतें. तिच्या मौनाचा अर्थ तिला न विचारतां मींच लावला होता. आमच्या दुकानापुढून दरवर्षीं ऊंसतोड्यांचे ट्रक जातात. ते कोठें जातात आणि तेथें माणसें कशीं राहतात, हें मला ठाऊक आहे असें मी समजत होतों. वास्तविक मला चौफुलीपुढचें कांहींच ठाऊक नव्हतें.

मीं क्षमा मागितली व तो मजकूर रद्द केला. गांवांतल्या दोघांनीं हरकत घेतली. त्यांचें म्हणणें, एकदां लिहिलें तें घडलें, नाहीं तर खेळास अर्थ काय? त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. मीं उत्तर दिलें, "चूक खेळाडूची असती तर ती तशीच ठेवली असती. ही सूत्रधाराची आहे." अखेर त्यांनीं मान्य केलें, आणि आम्हीं सर्वांनीं मिळून चार नियम ठरविले. खेळ रविवारच्या रविवारीं पुढें न्यावा. संदेश दहा ओळींहून मोठा नसावा व त्याच्या शेवटीं प्रश्न असावा. आपण नसतांना आपलें पात्र काय करील, हें प्रत्येकानें आधीं एका ओळींत लिहून ठेवावें. आणि जो हजर नाहीं, त्याच्या पात्रास कांहींही इजा होऊं नये. ताईनें आपली ओळ लिहिली: "मी नसेन तेव्हां मशाल भिंतींतल्या खोबणींत असेल."

फेब्रुवारींत आम्ही भुयाराच्या टोकास पोंचलों. तेथें मीं मोहरांनीं भरलेला हंडा पुरून ठेवला होता. विहिरीचें नांवच खजाना, तेव्हां शेवट तसाच व्हावा असा माझा बेत. ताईनें हंड्याकडे लक्षच दिलें नाहीं. पाणी कां थांबलें, हें तिला हवें होतें. तिनें मशाल भिंतीशीं नेली, गाळानें बुजलेलें पाटाचें तोंड शोधलें आणि पाथरवटाच्या पहारेनें तें मोकळें करूं म्हणून चिठ्ठी काढली. १७ निघाले. पाणी सुटलें, आणि माझा हंडा गाळाखालीं गेला. मीं योजिलेल्या शेवटाहून हा शेवट चांगला होता, हें लिहितांलिहितांच मला कळलें.

पाडव्याच्या सुमारास तीं सर्व परत आलीं. ताईची आगपेटी तिच्याजवळ होती. त्या सहा महिन्यांत आपण जें कांहीं लिहिलें, तें या खेळासाठींच, असें ती सहज बोलून गेली.

पालकांस मुलांच्या हातांतला मोबाईल वेळेचा शत्रू वाटतो, आणि तें पुष्कळ अंशीं खरेंही आहे. त्याचा बचाव करण्याचा माझा हेतु नाहीं. माझ्या सोबत्यांस मात्र एक विनंती आहे. आपल्या संदेशास कोणाचें उत्तर आलें नाहीं, तर त्याच्या मनांत काय असेल तें आपणच ठरवूं नये. बनल्यास विचारावें, नाहीं तर थांबावें. हें शिकावयास मला एक सबंध हंगाम लागला.

गेल्या जूनपासून मी या शाळेच्या वसतिगृहांत आहें. येथें घरच्यांशीं बोलण्यासाठीं मोबाईल मिळतो तो रविवारीं, आणि तोही थोडा वेळ. यंदा सूत्रधार ताई आहे. ती कारखान्यावरून लिहिते, आणि तिचे संदेश पांच ओळींचेच असतात. तिची कथा ऊंसाच्या फडांत घडते. रात्र आहे, पाचट हलतें, आणि आंत बिबट्या आहे कीं माणूस हें अजून कळलेलें नाहीं. गेल्या रविवारीं तिनें विचारलें, "तूं काय करतोस?" उत्तर लिहिण्यापूर्वींच माझी वेळ संपली. माझें पात्र बांधावर उभें आहे. येत्या रविवारपर्यंत तिनें त्यास सांभाळलेलें असेल.