खेळातली शिवी आणि घरातले कान

गुडघे, झोप आणि पोट यांच्याबरोबरच अलीकडे ज्येष्ठ रुग्णांच्या तक्रारींत एका नव्या विषयाची भर पडली आहे. तो विषय म्हणजे नातवंडांच्या तोंडची भाषा. ‘‘डॉक्टर, आमच्या घरात असे शब्द कधी कोणी उच्चारले नाहीत. आता रात्री अकरा वाजता बंद दाराआडून ते ऐकू येतात,’’ असे एका निवृत्त शिक्षकांनी मला सांगितले. तेरा वर्षांचा नातू मोबाइलवर खेळत असतो, खोलीत दुसरे कोणी नसते, तरी तो कोणाला तरी शिव्या देत असतो. मुलाच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना, ही आजोबांची शंका होती.

तसे काही नव्हते. मात्र खोलीत दुसरे कोणी नसते, हा आजोबांचा समज पुरता खरा नव्हता. आजचे अनेक मोबाइल खेळ एकट्याने खेळायचे नसतात. ‘पबजी’ या खेळावर सप्टेंबर 2020 मध्ये आपल्याकडे बंदी आली आणि 2021 मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने परतला. त्यात साधारण शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. चौघांची एक तुकडी करता येते. त्या चौघांपैकी तिघे पूर्ण अनोळखी असू शकतात, आणि हेडफोन व माइकमुळे ते थेट मुलाच्या कानात बोलत असतात. एकाची चूक झाली की तुकडी हरते आणि राग निघतो तो चुकणाऱ्यावर. प्रथम त्याच्या खेळण्यावर, मग आई-बहिणीवर, आणि पुढे जात, धर्म, प्रांत, रंग यांवर. नातू शिव्या देत होता हे खरे; पण त्याआधी कित्येक महिने तो त्या ऐकत होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

मुलींचा अनुभव याहून कडू असतो. डोकेदुखी आणि अपुरी झोप यांसाठी आलेल्या एका महाविद्यालयीन मुलीशी बोलताना कळले, की ती उत्तम खेळते. परंतु माइक कधीच सुरू करीत नाही. मुलीचा आवाज ओळखू आला की पुढचा अर्धा तास काय ऐकावे लागते, ते तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. ‘‘नावही मुलाचे घेतले आहे,’’ एवढेच ती म्हणाली. आपल्या आवडीच्या खेळात स्वतःचे नाव आणि आवाज लपवून राहावे लागणे, हा ताण तपासणीच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही.

माणसे असे का वागतात? आमच्या लहानपणी गल्लीतल्या क्रिकेटमध्येही भांडणे होत आणि अपशब्दही निघत. पण समोरच्याचा पडलेला चेहरा दिसे, आणि खिडकीतून एखाद्या काकू दटावत. चेहरा आणि काकू हे दोन्ही लगाम पडद्यावर नाहीसे होतात. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये याची मीमांसा केली. नाव लपलेले, चेहरा अदृश्य आणि परिणाम नजरेआड असला, की एरवी आवरलेली माणसेही सैल सुटतात.

‘लीग ऑफ लेजंड्स’ या जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या कंपनीने आपल्या खेळाडूंच्या वर्तनाचा अभ्यास केला, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट आढळली. बहुतेक घाण भाषा मूठभर कायमच्या उपद्रवी खेळाडूंकडून येत नव्हती. एरवी बरे वागणारे खेळाडू एखाद्या वाईट दिवशी तसे बोलत होते. प्रतिस्पर्ध्यांशी बोलण्याची सोय कंपनीने मुळातच बंद ठेवली आणि ज्याला हवी त्याने ती सुरू करावी, असा बदल केला. तेवढ्यानेही अपशब्द कमी झाले. मला यात मोठा दिलासा वाटतो. शिवी देणारा नातू वाया गेलेला असेलच असे नाही. त्याचा दिवस कसा गेला, हे आधी विचारावे.

शरीराच्या बाजूनेही याकडे पाहिले पाहिजे. अपमान कानांवर पडला की ॲड्रिनॅलिन वाढते, नाडी जलद होते, स्नायू ताठरतात. हे सारे रात्री अकराला घडले, तर बारा वाजता झोप येणार कशी? सकाळी डोके दुखते, भूक मंदावते, चिडचिड होते. आणि भिंतीपलीकडे ते शब्द ऐकत अंथरुणावर तळमळणाऱ्या आजी-आजोबांची झोप आणि रक्तदाबही त्यातून सुटत नाहीत.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झाले, खेळाच्या विकाराचा समावेश आहे. परंतु खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारणतः वर्षभर चालणे, अशी त्याची लक्षणे आहेत. शिवी हा आजार नव्हे. प्रत्येक खेळणाऱ्या मुलाला व्यसनी म्हटले, तर तो आपल्यापासून दूर जातो आणि दार अधिकच घट्ट लावून घेतो.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय करावे? मोबाइल हिसकावू नये. दिवसा, शांत वेळी, ‘‘मला तुझा खेळ दाखव’’ म्हणून शेजारी बसावे. हेडफोन काढून आवाज खोलीत येऊ द्यावा. आजी शेजारी बसली की पुष्कळ शब्द आपोआप गिळले जातात. त्रास देणाऱ्याचा आवाज बंद करण्याची, त्याला अडवण्याची आणि त्याची तक्रार करण्याची सोय बहुतेक खेळांत असते. ती नातवाकडूनच शिकून घ्यावी, म्हणजे त्यालाही ती वापरण्याची आठवण राहील. शक्यतो ओळखीच्या मित्रांबरोबरच खेळावे, आणि झोपण्यापूर्वी तासभर खेळ थांबवावा. कोणी धमकी दिली, फोटो किंवा पत्ता मागितला, तर पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

मूल गप्प झाले, शाळा टाळू लागले, जेवण सुटले किंवा जगणे नको असे बोलू लागले, तर मात्र थांबू नये. आपल्या डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

अपमानित मूल बहुधा आई-वडिलांपाशी बोलत नाही, कारण मोबाइल जाईल ही भीती त्याला असते. आजी-आजोबांच्या हाती ती शिक्षा नसते, म्हणून त्यांच्यापाशी ते बोलू शकते. ‘‘आज कोणी काही वाईट बोलले का रे?’’ एवढा प्रश्न रात्रीच्या जेवणानंतर सहज विचारून पाहावा. उत्तर पहिल्या दिवशी येणार नाही. तरी विचारत राहावे.