अतिथि आणि बिऱ्हाडकरू

धर्मशास्त्रकारांनीं ‘अतिथि’ या शब्दाची केलेली व्याख्या मोठी मार्मिक आहे. जो एकच रात्र राहतो, ज्याचा मुक्काम कायमचा नसतो, तो अतिथि. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मार्गस्थ होतो आणि त्याच्यासंबंधीं गृहस्थाचें कर्तव्य तेथें संपतें. हें कर्तव्य आपल्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या उत्तम रीतीनें पाळलें आहे. दारीं आलेल्यास गूळपाणी देणें, वेळ असेल तर पान वाढणें, यांत आपल्या गृहिणी कधीं उण्या पडल्या नाहींत. परंतु जो एका रात्रीसाठीं नव्हे, तर तीस वर्षांसाठीं आला आहे, त्याच्याविषयीं आपलें कर्तव्य काय? तो अतिथि नव्हे, कारण तो जाणार नाहीं. तो आप्त नव्हे, कारण त्याचें आपलें कांहीं नातें नाहीं. तो शेजारीहि नव्हे, कारण त्यास अद्याप घरच मिळालेलें नाहीं. व्यवहारांत आपण त्यास ‘बिऱ्हाडकरू’ म्हणतों, आणि त्या शब्दांत आदरापेक्षां सावधगिरीच अधिक असते.

आमच्या वर्ध्यास हा प्रश्न नवा नाहीं. शंभर वर्षें हें गांव बाहेरून आलेल्या माणसांनीं घडविलें आहे. १९२१ सालीं शेठ जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा साबरमतीहून येथें आले. पुढें ग्रामोद्योग संघाचें कार्य करण्यासाठीं कुमारप्पा हे तामिळ ख्रिस्ती गृहस्थ मगनवाडींत येऊन राहिले. १९३६ सालीं महात्माजी शेगांवीं राहावयास गेले. त्याच गांवाचें नांव नंतर सेवाग्राम झालें. नयी तालीमच्या कामासाठीं सिंहलद्वीपांत जन्मलेले आर्यनायकम् आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी यांनीं आपलें बिऱ्हाड सेवाग्रामांत थाटलें. स्वातंत्र्यानंतर १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नानें सेवाग्रामचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें. १९९० सालीं सावंगीचें निघालें. १९७५ सालीं नागपुरास पहिलें विश्व हिंदी संमेलन भरलें, त्यांत हिंदीच्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठाची कल्पना पुढें आली, आणि १९९७ सालीं संसदेच्या कायद्यानें महात्मा गांधींच्या नांवाचें तें विद्यापीठ वर्ध्यासाठीं स्थापन झालें. अशा रीतीनें उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, केरळ अशा दूरदूरच्या प्रांतांतून अध्यापक, ग्रंथपाल, परिचारिका, लेखनिक मंडळी नियुक्तिपत्र घेऊन या लहानशा गांवांत उतरत असतात.

नियुक्तिपत्रांत पद, वेतन आणि रुजू होण्याची तारीख असते. बाकी सारें नवागतानें शोधावयाचें. गाडीपासूनच आरंभ होतो. वर्ध्यास स्थानकें दोन. मुंबईच्या मार्गावर वर्धा जंक्शन, आणि नागपुराहून बल्लारशाहकडे दक्षिणेस जाणाऱ्या गाड्या थांबतात तें सेवाग्राम, ज्यास पूर्वीं वर्धा-पूर्व म्हणत. एका स्थानकावर मनुष्य उतरतो आणि त्यास घेण्यास आलेला दुसऱ्या स्थानकावर उभा असतो, हें मीं अनेकदां पाहिलें आहे. मग येथला उन्हाळा. मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या पुढें जातो. कूलर ही चैनीची वस्तु नव्हे हें पहिल्याच दुपारीं कळतें. मुलांची शाळा, म्हाताऱ्या माणसांसाठीं डॉक्टर, गॅसची जोडणी, पाणी केव्हां येतें आणि किती वेळ राहतें, हे सगळे प्रश्न एकाच आठवड्यांत दारांत येऊन उभे राहतात. पण या सर्वांच्या आधींचा प्रश्न घराचा.

चार वर्षांपूर्वींची गोष्ट सांगतों. येथील एका उच्च शिक्षणसंस्थेंत पूर्वांचलांतील एक तरुण अध्यापक नेमला गेला. बरोबर वृद्ध माता, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. वैशाखाचे दिवस. धर्मशाळेच्या खोलींत सामान टाकून तो घर शोधूं लागला. त्याच्या नांवापुढें आडनांव नव्हतें, नुसतें ‘कुमार’ होतें. पहिल्या घरीं विचारलें, “कुमार म्हणजे नेमके कोण?” दुसऱ्या घरीं विचारलें, “आपल्याकडे स्वयंपाकांत काय काय होतें?” तिसऱ्या घरच्या गृहस्थांनीं चहा दिला, विचार करून सांगतों म्हणाले, आणि नंतर फोन उचलला नाहीं. तीनहि घरें सुशिक्षित. तिघांपैकीं एकानेंहि ‘नाहीं’ हा शब्द उच्चारला नाहीं. चवथें घर आमचें होतें.

आमच्या वाड्याच्या माडीवरील दोन खोल्या धाकटा पुतण्या पुण्यास गेल्यापासून बंद होत्या. दादा घरांतील कर्ते. त्यांनीं रात्रीं सर्वांस बसवून विषय काढला. वहिनी स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “भावजी, तुमचें काय जातें? माझें स्वयंपाकघर माडीच्या बरोबर खालीं आहे. वास आला तर मी काय करूं? आणि उद्यां बोलाचाली झाली, तर भांडूं कोणत्या भाषेंत?” वहिनींचें म्हणणें केवळ सोवळ्याचें होतें असें मी म्हणणार नाहीं. ज्या बाईचा दिवस त्या घरांत जातो तिला शेजार कसा आहे हें विचारण्याचा अधिकार आहे. मीं म्हटलें, “वहिनी, त्यांस वास, पाणी, जिन्यावरचा कचरा, जें सांगावयाचें तें आधींच सांगूं. पण कोण आहांत हें विचारावयाचें नाहीं.” दादा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “१९२८ सालीं या गांवांत लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्यांस खुलें झालें. आपले आजोबा त्या दिवशीं तेथें होते, हें आपण पाहुण्यांस अभिमानानें सांगतों. देवाचें दार उघडून इतकीं वर्षें झालीं आणि आपण माडीच्या कुलपाशीं अडून बसावें काय? त्यांच्या चुलीवर आपला हक्क नाहीं; भाड्यावर आहे.” दुसऱ्या दिवशीं बिऱ्हाड आलें.

खोली मिळाली म्हणजे बिऱ्हाड स्थिरावलें असें नव्हे. पंधरा दिवसांतच त्या वृद्ध मातेनें गांवाकडे परत जाण्याचा हट्ट धरला. मुलगा कामावर, सून मुलीच्या मागें. बोलावयास माणूस नाहीं. ती गेली असती तर तिच्या सोबतीस सून गेली असती, आणि मग तो गृहस्थहि चांगली नोकरी टाकून निघाला असता. संस्थेस वाटलें असतें, माणूस टिकला नाहीं. वस्तुतः त्याच्या आईस शेजार मिळाला नाहीं एवढेंच झालें असतें.

तें टळलें तें पंचांगामुळें. अमावास्येच्या दिवशीं सकाळींच सासूसुना पूजेचें ताट घेऊन खालीं आल्या आणि वडाचें झाड कोठें आहे म्हणून विचारूं लागल्या. वहिनी म्हणाल्या, “अहो, वटपौर्णिमेस अजून पंधरा दिवस आहेत.” म्हातारी गोंधळली, आमच्या सुनांस हसूं आलें. तेव्हां मीं पंचांग उघडून दाखविलें. आपला महिना अमावास्येस संपतो, उत्तरेकडील पौर्णिमेस. शुक्ल पक्षाचें नांव दोघांचें एकच. कृष्ण पक्षाच्या नांवांत मात्र एका महिन्याचें अंतर पडतें. आपल्या वैशाखाची अमावास्या ती त्यांची ज्येष्ठ अमावास्या, आणि सावित्रीचें व्रत त्या त्याच दिवशीं करतात. दोन्ही गणना शास्त्रसंमत. वहिनींनीं ऐकून घेतलें, पायांत चपला घातल्या आणि त्या दोघींस स्वतः वडापर्यंत घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनीं पौर्णिमेस ती म्हातारी आमच्या सुनांबरोबर पुन्हां वडास गेली. श्रावण आला तेव्हां तिचे सोमवार पंधरवडाभर आधीं सुरू झाले, आणि वहिनी शेजारणींस सांगूं लागल्या, “आमच्या माडीवर श्रावण लवकर येतो.” त्या दोघींची भाषा आजहि अर्धी हिंदी, अर्धी मराठी आहे. आडनांवाचा प्रश्न वहिनींनीं पुन्हां काढला नाहीं.

मुलीचें मराठी माझ्याकडे आलें. २०२० सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व शाळांतून मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हां तिला सुटका नव्हती. लिपि एकच असल्यामुळें काम सोपें वाटलें. पण ‘ळ’ तिच्या जिभेवर बसेना, आणि ‘चूल’ व ‘चित्र’ यांतील दोन च निराळे आहेत हें तिला पटेना. एके दिवशीं तिचे वडील मला म्हणाले, “गुरुजी, आमच्या मुलीस चांगली शिक्षा द्या.” आमचा नातू घाबरून आंत पळाला. हिंदींत शिक्षा म्हणजे विद्या, मराठींत दंड. संस्कृतांत ती वेदांगांपैकीं एक, उच्चाराचें शास्त्र; म्हणून मीं ‘ळ’ शिकवून ती दिली असें समजावयास हरकत नाहीं.

सर्वांत अवघड प्रश्न त्या सुनेचा होता. ती पदवीधर, बी. एड. झालेली, गांवीं शाळेंत शिकवीत होती. नवऱ्याच्या नियुक्तिपत्राबरोबर तिची नोकरी गेली, आणि त्याबद्दल तिला कोणी एक शब्द विचारला नाहीं. मराठीवांचून येथील शाळेंत तिला जागा मिळणें कठीण. अखेर एक मार्ग निघाला. राष्ट्रभाषा प्रचार समिति १९३६ पासून वर्ध्यास आहे. तिच्या प्रवेश, परिचय, कोविद इत्यादि परीक्षांस पुष्कळ मराठी मुलें बसतात. माडीवर संध्याकाळीं आठ मुलांचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गाचें उत्पन्न फारसें नाहीं. पण गल्लींतील लोक तिला ‘कुमारांची बायको’ न म्हणतां ‘मॅडम’ म्हणूं लागले, आणि त्या दिवसापासून तिचा चेहरा बदलला, हें आम्हां सर्वांच्या लक्षांत आलें.

याच सुमारास माझी पुतणी आणि जावई कॅनडांत, ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, विद्यापीठाच्या नोकरीवर रुजू झालीं. तेथील व्यवस्था ऐकण्यासारखी आहे. निघण्यापूर्वींच एका कार्यालयाकडून त्यांस सविस्तर पत्र आलें. पहिले कांहीं आठवडे राहण्याची सोय, मुलाच्या शाळेसाठीं लागणारे लसीकरणाचे कागद, पगार मिळण्यासाठीं काढावयाचा नऊ आंकडी क्रमांक, हें सर्व त्यांत होतें. त्या प्रांतांत सरकारी आरोग्यविमा नवागतास लगेच लागू होत नाहीं. येण्याच्या महिन्याचे उरलेले दिवस आणि त्यापुढें दोन महिने थांबावें लागतें, म्हणून तेवढ्या काळापुरता खासगी विमा घ्यावा, असेंहि लिहिलें होतें. दुसऱ्याच महिन्यांत मुलाचा हात मोडला, तेव्हां त्या एका ओळीचें मोल कळलें. टोरोंटोच्या विद्यापीठांत तर कुटुंबाच्या अडचणींसाठीं स्वतंत्र कार्यालयच आहे. आपल्याकडील संस्थांनीं यांतून अवश्य शिकावें. रुजू होणाऱ्याच्या हातीं एक छापील पान द्यावें, त्यांत स्थानकापासून दवाखान्यापर्यंत सर्व असावें. या जिल्ह्यांत १९७५ पासून दारूबंदी आहे, हेंहि असावें. पहिला एक महिना राहण्यास खोली द्यावी, आणि पत्नी अथवा पति काय काम करूं शकेल, याची चौकशी आधींच करावी. यास फार पैसा लागत नाहीं.

परंतु पुतणी आणखी एक गोष्ट सांगते. कार्यालयानें सर्व कांहीं केलें. तरी पहिल्या आठ महिन्यांत त्यांच्या घराचा उंबरठा एकाहि शेजाऱ्यानें ओलांडला नाहीं. शेवटीं वरच्या मजल्यावरील एक चिनी आजी वाफाळलेलें सूप घेऊन आली, आणि त्या रात्रीं पुतणीनें वहिनींस फोन करून पहिल्यानें म्हटलें, “आई, आतां आम्ही येथें राहूं.” वहिनींनीं त्या आजीचें नांव, गांव, आडनांव कांहींच विचारलें नाहीं. तिला काय आवडतें, एवढेंच विचारलें.

संस्थेचें काम संस्थेनें करावें, पण उंबरठा ओलांडणें हें संस्थेचें काम नव्हे. तें घरांचें आहे. आपल्यापैकीं बहुतेकांचीं मुलें आज पुण्यास, बंगळुरास किंवा समुद्रापलीकडे कोणाच्या तरी दारांत घर मागत उभीं आहेत. तेथील घरमालकानें त्यांची कुळकथा न विचारतां किल्ली द्यावी अशी आपली इच्छा असते. आणि त्याच मुलांच्या रिकाम्या झालेल्या खोल्यांस येथें आपण कुलुपें लावून बसलों आहों. उन्हाळ्याच्या सुटीनंतर महाविद्यालयें उघडतील, नवीं माणसें येतील. ज्यांच्या माडीवर अशी एखादी खोली असेल त्यांनीं ती झाडून ठेवावी, भाडें वाजवी सांगावें, घराचे नियम स्पष्ट सांगावे. पहिल्या रात्रीचें जेवण खालून पाठवावें, आणि आठवडाभरानें कोणीतरी जिना चढून वर जावें.